कुत्रा लेकीचा, उठबस आईची

दुपारचा_चहा | १२ ऑगस्ट, दुपारी ३:४०

नमस्कार. गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या वाहनतळात सापडलेले एक काळेभोर गावठी पिल्लू आम्ही घरी आणले. माझ्या थोरल्या लेकीने, ती आता दहा वर्षांची आहे, त्यासाठी दीड महिना हट्ट धरला होता, आणि शेवटी आम्ही एकच अट घातली की पिल्लाचे सगळे तिने करायचे. तिने वहीच्या पानावर करारच लिहून दिला: 'मी रोज सकाळी सहा वाजता उठून मिरीला फिरवून आणीन, तिला जेवायला देईन, तिची शी उचलीन आणि कंटाळा करणार नाही.' खाली सही आहे आणि सहीच्या शेजारी मिरीच्या पंजाचा शाईचा ठसा आहे. ते पान अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेले आहे.

करार जेमतेम तीन आठवडे पाळला गेला. मग सहामाही परीक्षा आली, मग थंडी, मग उन्हाळी शिबिर आणि आता पाऊस. यजमान महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असतात, त्यामुळे पहाटे छत्री, पट्टा आणि जुनी वर्तमानपत्रे घेऊन खाली उतरणारी व्यक्ती मीच. गेल्या आठवड्यात माझा संयम सुटला आणि मी म्हणाले, "येत्या रविवारपर्यंत तू सुधारली नाहीस, तर मिरीला देऊन टाकू." त्यावर ती काहीच बोलली नाही. रात्री पांघरूण नीट करायला गेले, तेव्हा मिरीचा गळपट्टा तिच्या उशीखाली होता.

मी बोलले ते चुकलेच, हे मला कळते आहे. पण मग मुलांना कुत्र्याची देखभाल शिकवायची तरी कशी? धाकटा सहा वर्षांचा आहे. त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवावी का, हेही कृपया सांगावे.

---

निमशहरी | १२ ऑगस्ट, दुपारी ४:०५

आमच्या चिरंजीवांनी असाच शब्द देऊन पंधरा दिवस पाळला होता. आता कुत्रा आणि चिरंजीव, दोघांनाही फिरायला मीच नेतो. कुत्रा निदान हाक मारल्यावर येतो तरी.

---

सह्यकडा | १२ ऑगस्ट, सायंकाळी ६:२०

माझे मत कदाचित कुणालाच आवडणार नाही, तरी मांडतो. करार तिने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. घरातला शब्द मोडला तरी काही बिघडत नाही, हे मूल एकदा शिकले की ते पुढे सगळीकडे तसेच वागते. आपण रविवार ही मुदत दिली आहे आणि आता ती पाळली नाही, तर यापुढे आपल्या कोणत्याही बोलण्याला घरात वजन उरणार नाही. निदान महिनाभर तरी मिरीला एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावे. उणीव भासल्याशिवाय किंमत कळत नाही.

---

अंगणवेडी | १२ ऑगस्ट, रात्री ९:१०

माझे वय आता सत्तरीला टेकले आहे आणि बालपण राजापूरजवळच्या खेड्यात गेले, म्हणून थोडे जुने सांगते. आमच्या घरी कुत्रा पाळला आहे असे कुणी म्हणत नसे. तो अंगणात असे, एवढेच. संध्याकाळी ताटातले उरलेसुरले कालवून त्याच्या पाटीत ओतायचे काम आम्हा भावंडांपैकी सर्वांत धाकट्याकडे असायचे, आणि त्यात शिकवण्यासारखे काही आहे असे घरात कुणाच्या मनातही आले नसेल. नामदेवांच्या ताटातली पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आजी सांगायची. आम्ही मुले कोरडी भाकरी टाकून पळू लागलो की ती ओसरीवरून ओरडायची, "अरे, तुपाचं काय?" आणि मग निदान कढीचा ओघळ तरी त्या भाकरीवर पडायचा.

मात्र त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. त्याच कुत्र्याला आम्ही गंमत म्हणून शेपटीला डबा बांधला आहे, त्याला लस कधी टोचली नाही, कानातले गोचीड कुणी पाहिले नाहीत आणि एका पावसाळ्यात तो पडवीत झुरून मेला, तेव्हा 'म्हातारा झाला होता' एवढेच सगळे म्हणाले. तो सहा वर्षांचाही नव्हता.

दुपारचा_चहा ताई, दहा वर्षांच्या मुलीला पहाटे सहाला पावसात बाहेर काढणे हे काम मुळातच तिच्या मापाचे नाही. करारातली ती ओळ तिने हौसेने लिहिली असेल, पण मोठ्यांनी ती वाचून तेव्हाच खोडायला हवी होती.

---

गुरांचा_डॉक्टर | १२ ऑगस्ट, रात्री १०:४५

मी सातारा जिल्ह्यात पशुवैद्य आहे. सदस्यनामात गुरे असली तरी हल्ली निम्मे रुग्ण कुत्रेच असतात.

सह्यकडा, आपला मुद्दा गृहपाठाला किंवा सायकलीला लागू पडतो. सायकल महिनाभर काढून घेतली तर सायकलीचे काही बिघडत नाही. इथे शिक्षा मुलीला आणि तिचा भुर्दंड मिरीला, असा प्रकार होईल. वर्षाच्या आतल्या कुत्र्याला अनोळखी घरी ठेवले की अनेकदा ते खाणे सोडते, रात्रभर रडते, शिकलेली स्वच्छता विसरते, आणि परत आल्यावर ते सगळे निस्तरायला पुन्हा या ताईच असतात.

आता धाकट्याबद्दल. सहा वर्षांच्या मुलाला पाण्याच्या भांड्याचे काम द्यावे. फक्त पाणी ओतायचे नाही, भांडे घासायचे. दिवसभर ठेवलेल्या भांड्याच्या आतून बोट फिरवले की एक बुळबुळीत थर लागतो. तो मुलाला स्वतःच्या बोटाने कळू द्यावा आणि घासल्यावर भांडे कसे करकरते, तेही. त्यानंतर सांगावे लागत नाही. मात्र या वयाचे मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र सोडू नये. मिरी गुणी आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. लहान मुलांना चावणारा कुत्रा अनेकदा ओळखीचाच असतो, आणि मुलाची उंचीच अशी असते की दात लागतात ते चेहऱ्याला.

दहा वर्षांची मुलगी जेवण मोजून देऊ शकते, अंगावरून ब्रश फिरवू शकते, गोचीड तपासू शकते. पण एकटीने रस्त्यावर पट्टा धरून नेणे आत्ता नको. समोरून दुसरा कुत्रा अंगावर आला, तर तिची ताकद पुरणार नाही आणि ती पट्टाही सोडणार नाही.

---

दुपारचा_चहा | १३ ऑगस्ट, सकाळी ११:३०

डॉक्टर, धन्यवाद. धाकटा मिरीला सारखा मिठी मारतो आणि ती शेपूट हलवत बसून राहते. म्हणजे तिला आवडत असावे, असा आमचा समज आहे. हे चालेल ना?

---

गुरांचा_डॉक्टर | १३ ऑगस्ट, दुपारी १:१५

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहेच, असे धरून चालू नये. शेपूट ताठ ठेवून फक्त टोक हलत असेल, तर तो सावध झालेला असतो. मिठीच्या वेळी तिचा चेहरा पाहा. झोप आलेली नसताना जांभई देणे, जिभेने नाक चाटणे, मान दुसरीकडे वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरे दिसेल असे पाहणे, अंग लाकडासारखे करणे ही सगळी 'आता पुरे' अशी भाषा आहे. माणसाला माया वाटते म्हणून तो गळ्यात हात टाकतो; कुत्र्याला ते अडकवल्यासारखे वाटू शकते. मुलाला असे शिकवावे की आपण जागेवर बसायचे, मिरीला बोलवायचे, ती आली तर छातीवर किंवा खांद्यावर तीनदा हात फिरवायचा आणि हात मागे घ्यायचा. ती जवळ सरकली तर पुन्हा, उठून गेली तर तो विषय तिथेच संपला. आणि ती जेवत असताना किंवा झोपली असताना जायचेच नाही.

ती कधी गुरगुरली तर तिला रागावू नये. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

---

हॅनोव्हरकर | १३ ऑगस्ट, दुपारी ४:५०

वरचा प्रतिसाद वाचून माझी परीक्षा आठवली. आम्ही जर्मनीत ज्या राज्यात राहतो, त्या लोअर सॅक्सनीमध्ये २०१३ पासून पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते: कुत्रा आणण्यापूर्वी लेखी आणि आणल्यानंतर वर्षभरात प्रात्यक्षिक. त्याशिवाय कुत्र्याच्या त्वचेखाली ओळखीची चिप, दायित्व विमा (कुत्र्याने कुणाचे नुकसान केले तर भरपाईसाठी) आणि नगरपालिकेचा श्वानकर. मुलाने हट्ट धरला होता, पण परीक्षा मला होती, कारण कायद्याच्या लेखी कुत्रा सांभाळणारा मोठा माणूसच असतो.

माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. कुत्र्यांच्या कान-शेपटीची चित्रे असलेले पत्ते हातात घेऊन तो रोज रात्री जेवणाच्या टेबलावर मला प्रश्न विचारायचा, आणि मी चुकले की त्याला जो आनंद व्हायचा, तो मला अजून विसरता येत नाही. 'हा कुत्रा घाबरला आहे की रागावला आहे?' यात मी दहापैकी चार वेळा चुकत असे. तो एकदाही चुकत नसे. परीक्षा माझी झाली, पण अभ्यास त्याचा झाला. अंगणवेडी ताई म्हणतात ते मापाचे काम कदाचित हेच असावे: मुलाच्या हाती पट्टा देण्याआधी त्याला पाहायला शिकवणे.

---

निमशहरी | १३ ऑगस्ट, सायंकाळी ५:०२

अशी परीक्षा आपल्याकडे मूल होण्यापूर्वी ठेवली असती, तर मी अजून लेखीतच अडकलो असतो.

---

तिसरी_घंटा | १४ ऑगस्ट, सकाळी ९:२५

मी सहसा फक्त वाचते, पण 'देऊन टाकू' या शब्दांवर थांबून लिहावेसे वाटले.

माझ्या बहिणीच्या घरीही हेच वाक्य रोजच्या वापरात होते. भाचा तेव्हा आठ वर्षांचा होता. खोलीत पसारा झाला, देऊन टाकू. कुत्रा सोफ्यावर चढला, देऊन टाकू. एका दुपारी कुत्रा हाड चघळत असताना भाच्याने ते ओढायला हात घातला आणि मनगटाच्या वर दोन दात रुतले. त्याने घरात कुणालाही सांगितले नाही. भर एप्रिलमध्ये पोरगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडत होता आणि बहिणीला ते दोन दिवस लक्षातही आले नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी हात दिसला. जखमेवर त्याने स्वतःच हळद आणि चुना लावला होता, कारण आजी गावाकडे तसे करते, हे त्याने पाहिले होते. बहिणीने विचारले की सांगितले का नाहीस, तर म्हणाला, "तुम्ही शेरूला देऊन टाकलं असतं."

कुत्र्याला लस दिलेली होती, भाच्यालाही उशिरा का होईना इंजेक्शने दिली आणि सगळे सुखरूप पार पडले. पण ते दोन दिवस आठवले की बहिणीच्या अंगावर अजून काटा येतो.

---

गुरांचा_डॉक्टर | १४ ऑगस्ट, सकाळी १०:४०

तिसरी_घंटा, हे लिहिलेत हे फार बरे केलेत. असे लपवण्याचे प्रकार मी पाहिलेले आहेत.

चावा असो वा ओरखडा, कुत्रा घरचा असो वा बाहेरचा, पहिले काम एकच: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. आपल्याला ती वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात. हळद, चुना, मिरची, तेल यांतले काहीही लावायचे नाही. मग थेट दवाखाना. लस त्वचेत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते, आणि रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) टोचतात. मधला एकही डोस चुकवू नये, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हातात जवळपास काहीच उरत नाही.

मुलांना हे भीती न घालता सांगता येते. मी शाळांत बोलायला जातो, तेव्हा जोसेफ माइस्टरपासून सुरुवात करतो. पिसाळलेला कुत्रा चावलेला तो नऊ वर्षांचा मुलगा होता, आणि ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली त्याला लस टोचण्यास सुरुवात झाली. तो जगला. नऊ वर्षांचा म्हटले की तिसरी-चौथीची मुले लगेच सावरून बसतात. त्यानंतर मी त्यांच्याकडून एकच वाक्य म्हणून घेतो: 'चावला तर आधी सांगायचं, रागावणं नंतर.' आणि पालकसभेत तेच वाक्य पालकांकडूनही म्हणून घेतो.

---

सह्यकडा | १४ ऑगस्ट, दुपारी १२:१०

तिसरी_घंटा यांचा अनुभव वाचला. मिरीला महिनाभर दूर ठेवण्याची सूचना मी मागे घेतो. मुलाने जखम लपवावी, इतकी किंमत कोणत्याही शिस्तीची नसते.

पण मूळ प्रश्न तसाच आहे, आणि तो सगळ्यांनी सफाईने बगल देऊन सोडला आहे. मुलगी काम करत नाही. मग तिला काहीच म्हणायचे नाही का? आई पहाटे पावसात भिजणार, मुलगी पांघरुणात झोपणार आणि आपण म्हणणार की ते काम तिच्या मापाचे नव्हते. उद्या संध्याकाळचेही काम मापाचे निघणार नाही.

---

निमशहरी | १४ ऑगस्ट, दुपारी १२:४५

एक मधलाच प्रश्न विचारतो, माफी असावी. आमच्या घरी मुले ताटातले हळूच खाली सोडतात. काल सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा बेदाण्यांसकट गेला. काही अपाय होतो का?

---

गुरांचा_डॉक्टर | १४ ऑगस्ट, दुपारी १:०५

निमशहरी, बेदाणे आणि द्राक्षे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे धोका, याचे खात्रीचे माप नाही. आज लगेच आपल्या पशुवैद्यांना फोन करा; कुत्रा वरकरणी ठीक दिसत असला तरी करा. कांदा-लसूण, चॉकलेट, साखरविरहित च्युइंगममधले झायलिटॉल आणि शिजवलेली कोंबडीची हाडे हेही वर्ज्य. आपल्या बहुतेक भाज्या-आमट्यांत कांदा-लसणाचे वाटण असतेच, म्हणून 'थोडेसे ताटातले' हा प्रकार मुलांना मुळापासूनच बंद करायला सांगावा. माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी तर कधीही देऊ नये.

---

निमशहरी | १४ ऑगस्ट, सायंकाळी ७:३०

फोन केला, दवाखान्यात नेऊन आणले, रक्त तपासले, सलाईन लावले. आत्तापर्यंत ठीक आहे, दोन दिवसांनी पुन्हा तपासणी आहे. शिरा सोडणारे चिरंजीव दवाखान्याच्या बाकावर तीन तास पट्टा धरून बसले होते आणि त्यांनी एकदाही मोबाईल मागितला नाही. आज विनोद सुचत नाही.

---

अंगणवेडी | १४ ऑगस्ट, रात्री ८:५०

निमशहरी, उद्या कसे आहे ते जरूर कळवा.

सह्यकडा यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. आपण मुलांना कामाची शेपटे देतो. 'जरा पाणी ठेव', 'जरा पट्टा आण'. काम आपले, ती नुसती हरकामी. त्यात कुणाचे मन लागेल? त्यापेक्षा एकच काम द्यावे, पण अखंड. संध्याकाळचे जेवण तिचे, म्हणजे तांदूळ मोजण्यापासून अन्न निवते आहे की नाही हे हाताला लावून पाहणे, मिरीला बसवून मग भांडे ठेवणे, तिने किती टाकले ते पाहणे आणि भांडे घासून पालथे घालणे इथपर्यंत सारे तिचेच. मिरी आज का जेवली नाही, हे घरात सर्वांत आधी तिलाच कळले पाहिजे. आणि पहिला महिनाभर आपण शेजारी उभे राहायचे; तपासायला नाही, सोबतीला.

आणि विसरली तर? तर मिरीला उपाशी ठेवायचे नाही. आपण उठायचे, लेकीला हाक मारायची, दोघींनी मिळून द्यायचे. टोमणा मारायचा नाही. हे शेवटचे मला स्वतःला कधी जमले नाही, तेव्हा सांगण्याचा अधिकार किती, ते आपणच ठरवा.

---

दुपारचा_चहा | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

धागा वर काढते आहे, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत संदेशातून विचारणा केली.

तिसरी_घंटा यांचा प्रतिसाद वाचला, त्याच रात्री मी लेकीची माफी मागितली आणि मिरी कुठेही जाणार नाही, असे सांगितले. गळपट्टा तिने दुसऱ्या दिवशी स्वतःहून खुंटीला लावला. करारातली सहा वाजताची ओळ आम्ही दोघींनी मिळून खोडली. पंजाचा ठसा तेवढा राहू दिला.

संध्याकाळचे जेवण आता तिचे आहे. पहिल्या पंधरवड्यात ती चारदा विसरली. दोनदा मी टोमणा मारला, दोनदा गिळला. मग एके दिवशी मिरीने अर्धे अन्न टाकले, ते तिने वहीत लिहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकले, तेव्हा तिने स्वतःच मिरीचे अंग चाचपले आणि मागच्या डाव्या पायाच्या दोन बोटांच्या बेचक्यात राखाडी, मुगाएवढा फुगलेला गोचीड सापडला. मी तिथून शेकडो वेळा हात फिरवला असेन. तिने हात लावला नाही, मला चिमटा आणायला सांगितला आणि मी तो कातडीलगत धरून सरळ ओढून काढेपर्यंत मिरीचे डोके मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरांनी रक्त तपासले. गोचीडतापाची सुरुवात होती, औषध वेळेवर सुरू झाले. आता मिरी पूर्ववत जेवते.

धाकटा पाण्याचे भांडे घासतो आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यात बोट फिरवून दाखवायला लावतो. मिठ्या कमी झाल्या आहेत, बंद झालेल्या नाहीत.

सह्यकडा, सकाळचे सहा अजून माझेच आहेत. त्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती राहील. फक्त आता रविवारी यजमान घरी असले तर ते जातात, आणि परवा लेक आपणहून बरोबर आली होती, अर्ध्या झोपेत, चपला उलट्यासुलट्या घालून.

---

सह्यकडा | ५ ऑक्टोबर, रात्री १०:५०

वही ठेवते हे आवडले. ती वही आठ दिवस बंद राहिली तर आपण काय कराल, हे मात्र कळवा.

---

दुपारचा_चहा | ५ ऑक्टोबर, रात्री ११:०५

टोमणा मारीन बहुधा.

---

निमशहरी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

आमचा कुत्रा ठणठणीत आहे, मूत्रपिंडेही ठीक आहेत. चिरंजीवांनी स्वयंपाकघराच्या दारावर 'बेदाणे वर ठेवावेत' असा कागद लावला आहे. कागद जमिनीपासून एका हातावर लावला आहे, कारण त्यांच्या मते तो कुत्र्यालाही वाचता आला पाहिजे.